पावणेदोन किलोचा पावणा

आमच्या घराण्यात आजवर झालेल्या पुरुषांमध्ये वयानं सर्वांत मोठा मी आहे. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. आजोबा, मोठेबाबा म्हणजे माझे थोरले चुलते, आणि माझे बाबा, या तिघांपैकी कोणीही पन्नाशीचं तोंड पाहिलं नाही. तिघंही छातीवर हात ठेवून, फारशी कटकट न करता गेले. त्यामुळे भावकीतल्या लग्नात वडीलधारा म्हणून मला पुढं बसवतात, फेटा बांधतात, आणि ज्यांच्यासोबत मी गोट्या खेळलो त्यांच्या सुना वाकून पाया पडतात. तेव्हा मला वाटतं, आपण रांग चुकून पुढं येऊन उभे राहिलोय आणि अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. गेल्या वर्षी ते लक्षात आलं. दुकानाचं शटर उचलताना माझ्याही छातीत ती घराण्याची कळ आली, आणि आमच्या धाड गावाहून बुलढाणा, बुलढाण्याहून पुढं मोठ्या शहरात अशी वरात काढून मी हृदयाच्या एका नळीत जाळी बसवून परत आलो.

परत आल्यावर बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझी उलटतपासणी घेतली. वडील कशानं गेले, किती वर्षांचे होते, आजोबा कशानं, चुलते कशानं. मी पटापट उत्तरं दिली; हा पेपर मला पाठ होता. मग कागदावरून मान वर न काढता त्यांनी विचारलं, जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं, काही कल्पना?

"पावणेदोन किलो," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. आमच्या भागातल्या माझ्या वयाच्या माणसांना जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी दिलेली असते. यांना वजन कसं ठाऊक, असं त्यांना वाटलं असावं.

"तेच माझं नाव होतं," मी म्हणालो.

हजेरीत मी दिनकर होतो, पण धाडच्या अख्ख्या बाजारपेठेत मला पावणेदोन म्हणत. बाबांचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मधे माल ठेवायची कोठी आणि मागं आम्ही. मी जन्मलो मागच्या खोलीत, आणि तासाभरात बाबांनी मला दुकानाच्या काट्यावर आणलं. किराणेवाल्याच्या घरी आलेली वस्तू आधी तोलतात, मग आत घेतात. एका पारड्यात फडक्यात गुंडाळलेला मी आणि दुसऱ्यात दोनचं लोखंडी माप. माप खाली बसलं आणि मी वर लटकत राहिलो. बाबांनी दोनचं काढून एकचं, अर्ध्याचं आणि पावाचं ठेवलं तेव्हा कुठं काटा मधोमध आला. सुईण सुगंधाबाई हात धूत होती. ती म्हणाली, "पावणेदोनचा पावणा हाये. राह्यते का जाते, चार दिसानं पाहू." आमच्याकडे पाहुण्याला पावणा म्हणतात. चार दिवसांनी मी गेलो नाही, पण नाव राहिलं. पुढं कितीतरी वर्षं मला आपण या घरात मुक्कामाला आलोय असंच वाटे, आणि अतिपाहुणचारानं पाहुण्याची काय गत होते तेच या प्रकरणात सांगायचं आहे.

मी इतका हलका का निघालो याचं उत्तर घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आमच्याकडे बाबांची थोरली बहीण, बायजाआत्या राहायची. नवरा लवकर गेला होता, आणि तिचं एकुलतं बाळ जन्मतानाच अडून गेलं होतं. चांगलं गुबगुबीत होतं म्हणे. त्या एका दिवसातून आत्यानं आयुष्यभराचा धडा घेतला होता, की लेकरू लहान तर बाई सुटते. म्हणून मायला दिवस गेले तसं आत्यानं तिच्या ताटातली भाकर मोडायला सुरुवात केली. अर्धी ताटात, अर्धी परत टोपलीत. पोट भरून खाल्लं तर लेकराला हलायला जागा राहत नाही, हे ती इतक्या मायेनं सांगायची की मायला उपाशी असल्याची लाज वाटायची. नऊ महिने धान्यानं भरलेल्या कोठीला पाठ लावून माझी माय अर्ध्या भाकरीवर बसली होती. यात दुष्ट कोणीच नव्हतं. दुष्ट असतं तर सोपं झालं असतं.

पारड्यात मला वर लटकलेलं पाहून माय घाबरली आणि तिनं तिथल्या तिथं देऊळगाव राजाच्या बालाजीला नवस बोलला. दुसरं कोणी 'पोराच्या भारोभार गूळ वाहीन' म्हणून मोकळं झालं असतं. पण माय किराणेवाल्याची बायको, तिनं माप ठरवून दिलं. गुळाची मोठी भेली असते, गोणपाटात शिवलेली, तीस किलोची. पोरगं त्या अख्ख्या भेलीच्या भाराचं झालं की ती भेली न फोडता तुला वाहीन, आणि तोवर माझ्या जिभेला गूळ वर्ज्य. हे बोलताना तिला तीस किलो म्हणजे किती वर्षं याचा अंदाज नसावा. त्या काळात आमच्या घरी चहा गुळाचा, पुरण गुळाचं, शिरा गुळाचा. कोठीत भेल्यांची उतरंड. माय त्या वासात दिवसभर वावरायची आणि कोरा, अगोड चहा प्यायची. मी तिच्यासमोर वाटी चाटून पुसून खावी म्हणून बसायची, आणि मी घास नाकारला की नुसती कोठीकडं पाहायची. दहा वर्षांच्या पोराला यातून सुटायची वाट सांगा. मला तरी सापडली नव्हती.

सकाळी तुपात भिजलेला शिरा, शाळेतून आल्यावर सायसाखर, संध्याकाळी डिंकाचा लाडू, आणि मधे भूक लागू नये म्हणून वनस्पती तुपात तळलेल्या पुऱ्या. घरचं तूप पुरत नसे. वनस्पतीचे पिवळे डबे मात्र दुकानातच होते. बाकीचे लोक समोर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा आणि हिरवी कांद्याची पात खात. मी त्या भाकरीकडं असा पाहायचो की आत्या ताट फिरवून बसायची. आज डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलेला आहार म्हणजे कळण्याची भाकर, ठेचा कमी मिठाचा, आणि पात. चाळीस वर्षं उशिरा का होईना, तो घास माझ्यापर्यंत पोचला. फक्त आता समोर बसून शिरा दुसरे खातात.

वाटी संपली नाही तर मला वाटीसकट कोठीत बसवत आणि बाहेरून कडी लावत. मारत कधी नव्हते. कोठीला एक हातभर जाळी होती, त्यातून रस्त्याची एक पट्टी दिसे. त्या पट्टीतून माझ्या वर्गातली पोरं नदीकडं पळत जाताना दिसत, आधी पाय, मग आवाज. मला पळायला मनाई होती. पळल्यानं भार झडतो, उन्हात अंग आटतं, पोहल्यानं तर तूपच निघून जातं, असं आत्याचं शास्त्र होतं. मी गव्हाच्या पोत्यावर बसून वाटीत बोट फिरवत राहायचो. एकदा निम्मा शिरा जाळीतून बाहेर टाकला, तर तो खाली उभ्या असलेल्या आमच्याच गिऱ्हाइकाच्या टोपीवर पडला, आणि त्या भल्या माणसानं टोपी तशीच दुकानात आणून दाखवली. त्या दिवशी मला दुसरी वाटी मिळाली.

त्याच कोठीत मी दुसरीही एक गोष्ट ऐकली. मोठेबाबांचं वर्षश्राद्ध होतं. आत्या पलीकडं पत्रावळी लावताना शेजारणीला सांगत होती, "आमच्या घरच्या माणसाले पन्नाशीचं तोंडच नाही, बाई. बापाले नव्हतं, याले नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता नंबर कोनाचा, ते बोलू नये." मी पोत्यावर बसून बोटं मोजली. बाबा चव्वेचाळीस. मी दहा. स्वतःची चाळीस वर्षं मला भरपूर वाटली. बाबांची पुरी सहाही उरली नव्हती, आणि त्यातलं एक मी कोठीत घालवत होतो.

इथं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मला समजलं तसं सांगतो. म्हणाल्या, दोन गोष्टी आहेत. एक तुमच्या रक्तात वडिलांकडून आलेली खोड, चरबी नको तेवढी बनवायची आणि नळ्यांना चिकटवायची. दुसरी, पोटात असताना उपाशी राहिलेलं बाळ काटकसर शिकूनच बाहेर येतं. त्याचं शरीर धरून चालतं की बाहेर दुष्काळ आहे. त्याला पुढं भरपाई म्हणून तूपसाखर ओतली, की ते खर्च करत नाही, साठवत बसतं. त्याचा हिशेब हृदय चाळिशी-पन्नाशीत चुकता करतं. मी विचारलं, म्हणजे आत्यानं कमी दिलं ते चुकलं आणि मायनं जास्त दिलं तेही चुकलं? त्या म्हणाल्या, चुकलं असं नका म्हणू, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, आणि पळत होतात का लहानपणी? मी म्हणालो, नंतर पळालो. ते कसं, हेच आता सांगतो.

दर बाजाराच्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधी, मला तोलत. मोठा काटा तुळईला टांगलेला होता. बाबा रोज त्याच्या दांडीला हळदकुंकू लावत. तराजूत देव बसतो असं म्हणत, आणि तोलून झाल्यावर वरून चिमूटभर माल टाकत. गावातले लोक लहान पोरांना बिनधास्त आमच्याकडं सामानाला पाठवत. एका पारड्यात वीसचं आणि दहाचं माप ठेवत, दुसऱ्यात मी मांडी घालून बसे. आदल्या रात्रीपासून माय उपास धरी. मी तांब्याभर पाणी पिऊन येई, एकदा खिशात दगडही भरले, पण बाबांनी माझ्याकडं पाहिलं मात्र, मी स्वतःच ते एकेक काढून ओट्यावर ठेवले. त्या काट्यापुढं खोटं बोलणं जमायचं नाही. मापं खाली, मी वर. दर आठवड्याला वितभर वर. माय आत जाई आणि शिऱ्याची कढई चढवी.

त्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी दुकानात बाबा आणि मी दोघंच. त्यांनी तांदळाचं पोतं उचललं, दोन पावलं टाकली आणि ते खाली ठेवून त्यावरच बसले. थंडीचे दिवस, तरी कपाळावरून घामाच्या धारा. डावा हात चोळत होते. मी पाणी आणलं. ते पिऊन म्हणाले, "वारा धरला. मायले सांगू नको."

मी हो म्हणालो, आणि आता माझ्या गळ्यात दोन गोष्टी अडकल्या. शिरा आणि ही. जेवताना माय मला घास भरवत होती, आत्या तूप वाढत होती, आणि समोर बाबा शांतपणे भाकर मोडत होते. मी त्यांच्या डाव्या हाताकडं पाहत होतो. घरात ते माहीत असलेला मी एकटा होतो, आणि माझं तोंड कायम भरलेलं होतं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "आज मापं नको. आज भेलीच ठेवू. आज होते भार." माय म्हणाली, मागच्या खेपेला तर वितभर वर होता. बाबा म्हणाले, तू ताट कर. त्यांनी देऊळघाटच्या रहीमचाचांची जीपही सांगून ठेवली होती. चाचा दारात उभे राहून दाढी खाजवत होते.

भेली एका पारड्यात चढली. मी दुसऱ्यात बसलो. नेहमीसारखा वर गेलो, झुललो. बाबा माझ्या पारड्याशी आले. झोका थांबवायला माणूस हात लावतो तसा त्यांनी पारड्याच्या काठाला उजवा हात लावला. झोका थांबला. हात निघाला नाही. मी हळूहळू खाली आलो, भेली वर आली, आणि काटा मधोमध, सरळ उभा राहिला. माझ्या गुडघ्याजवळ बाबांचा अंगठा होता. त्याचं नख दाबून पांढरं पडलं होतं. मी वर पाहिलं. ते माझ्याकडं पाहत नव्हते, काट्याकडंही नाही. ते समोर उंबऱ्यात ताट घेऊन उभ्या असलेल्या मायकडं पाहत होते. माय ताटातलं निरांजन सारखं करत होती.

"झाला भार," बाबा म्हणाले. आत्यानं कानशिलावर बोटं मोडली. मायनं दोघांना ओवाळलं, आधी मला, मग गुळाला.

जीपमध्ये भेली आणि मी शेजारी बसून गेलो. देऊळगाव राजाला देवळासमोर चाचांनी गाडी उभी केली आणि मागं वळून विचारलं, "पहले किसको उतारूं, लडके को या गूळ को? वजन तो एक ही है." सगळे हसले. बाबाही हसले, पण डोळे हसले नाहीत. भेली देवापुढं गेली. पुजाऱ्यांनी प्रसाद म्हणून गुळाचा एक खडा मायच्या हातावर ठेवला. दहा वर्षांनी तिच्या हातावर गूळ आला होता. तिनं तो कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. घरी जाऊन खाईन म्हणाली.

घरी आलो तसं बाबांनी कोठीची कडी काढून, तिचा कोयंडासुद्धा उपटून, दुकानाच्या गल्ल्यात टाकला. मग मला ओट्यावर आणलं. रस्ता मोकळा होता, नदीकडून पोरांचा आवाज येत होता. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तोच उजवा, आणि म्हणाले, "जाय. आता पळ बे."

मी पळालो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मग शाळेत, मग तालुक्याला स्पर्धेत, जिथं मी शेवटून दुसरा आलो आणि माझ्यामागच्या पोराच्या पायात काटा होता. बाबा दीड वर्षानं गेले, दुपारी, काट्यापाशीच. गिऱ्हाइकाची डाळ तोलून झाली होती. वरची चिमूट तेवढी हातात राहिली होती.

हा अंगठा मी चाळीस वर्षं कोणाला सांगितला नाही. बाबांच्या नावावर तेवढं एकच खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. मागच्या महिन्यात माझी लेक स्वाती पहिल्या बाळंतपणाला घरी आली. माय आता ऐंशीच्या घरात, पण नातीच्या ताटाशी स्वतः बसते. स्वाती म्हणाली, आजी, अर्धीच वाढ, जात नाही. माय म्हणाली, "पुरी खाय, बाई. अर्धीचं काय होते ते समोर बसेल हाये." स्वाती हसली, मग तिनं विचारलं, म्हणजे काय, आणि हसता हसता मी सगळं सांगून बसलो. शिरा, कोठी, टोपी. आणि सांगण्याच्या भरात अंगठाही. मला वाटलं होतं मायला धक्का बसेल.

ती भाकरीवर भाजी घालत म्हणाली, "पाह्यला होता मी."

"मंग बोलली काऊन नाही?"

"उभ्या जलमात तो माणूस एकदा खोटं तोलला. अन् मी त्याले लोकाइत खोटं पाडू?" मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "देवाले थोडी फसवता येते. म्हनून मी सुरूच ठेवलं."

काय सुरू ठेवलं, हे कळायला मला भाकरीचा एक तुकडा चावून गिळावा लागला. कोरा चहा. पुरणाच्या दिवशी तिचं पोट बिघडलेलं. चाळीस संक्रांती, दर वेळी लोकांनी हातावर ठेवलेला तिळगूळ कपाळाला लावून पदराच्या गाठीत, आणि मग कुठल्यातरी पोराच्या तोंडात. आम्ही आपले म्हणत राहिलो, मायला गोड आवडत नाही. मला वाटत होतं कोठीतून मी सुटलो. मी सुटलो होतो, पण माझ्या जागी आत ती जाऊन बसली होती, आणि कडी तर गल्ल्यात होती.

मी म्हणालो, माय, पुढच्याच वर्षी मी तीसच्या वर गेलो असेन. आता तर अडीच भेल्यांचा आहे, डॉक्टर ओरडतात. ती म्हणाली, ते खरं, पण त्या दिवशी जेवढं कमी होतं तेवढं देवाचं राह्यलं. मी विचारलं, किती कमी होतं?

"कोनाले माहीत," माय म्हणाली. "तुह्या बापाच्या आंगठ्याचं वजन कोनी केलं?"

दोन दिवसांनी देवाचं ते राहिलेलं फेडायला मी, माय आणि स्वाती देऊळगाव राजाला गेलो. देवळाबाहेरच्या दुकानात मी गूळ मागितला. किती, दुकानदारानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, पावणेदोन काऊन, काका, दोनच घ्या ना सरळ. मी काही बोलायच्या आत मागून माय म्हणाली, "पावनेदोनच." त्याच्याकडं विजेवर चालणारा काटा होता, आकडे लाल उमटतात तसला. मी तरी वाकून त्याच्या अंगठ्याकडं पाहिलं. लांब होता.

पुजाऱ्यांनी परत दिलेल्या खड्यांतला एक माय पायरीवर बसून हातात घेऊन राहिली. मग तोंडात टाकला. दात थोडे, त्यामुळे ती तो चघळत होती, डोळे मिटून, बराच वेळ. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं पाहत होतो.

"गुळाले पयलेसारखी गोडी नाही राह्यली," ती शेवटी म्हणाली, आणि दुसरा खडा मोडला. त्यातला अर्धा स्वातीला दिला, मग विचार करून उरलेला अर्धाही तिलाच दिला. मी हात पुढं केला.

"तुले नाही," माय म्हणाली. "डॉक्टरीनबाईनं सांगतलं ना." आणि राहिलेला गूळ पदराच्या गाठीत बांधून तिनं तो पदर माझ्यापासून लांबच्या खांद्यावर टाकला.